दगड हलवायचा नाही

डॉ. वत्सला सानप यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र गुवाहाटीहून आलं होतं, सात-आठ ओळींचं. तशी पत्रं माणसाला विशीत येतात. मला ते पेन्शन सुरू झाल्यावर आलं. मी ते जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं. रोज सकाळी सुलटं करून वाचायचं, पुन्हा पालथं घालायचं... एवढंच जमत होतं.

पण आधी आमची भेट.

पावसाची उघडझाप चालली होती. घोटीला भाचीकडे राहून मी एसटीनं नाशिकला परत येत होतो. खिडकीची जागा, मांडीवर पुस्तक, शेजारची सीट रिकामी — सगळं माझ्या मनासारखं. वाडीवऱ्ह्याला एक बाई चढल्या. आखूड पांढरे केस, ओले. सलवार घोट्याच्या वर दुमडलेली, पायांत गमबूट आणि दोन्ही हातांत पाण्यानं फुगलेली एकेक पिशवी.

"ही जरा धरता का?" बसता बसता त्यांनी एक पिशवी माझ्या पुस्तकावरच ठेवली.

आत मासे होते. बोटाएवढे, नदीतल्या दगडाच्या रंगाचे. त्यातल्या एकानं पिशवीला तोंड चिकटवलं होतं, नेमकं माझ्या तळव्याशी. मध्ये फक्त प्लास्टिक.

"हलवू नका हं."

मी श्वास रोखला.

"श्वास घेतलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "न घेतल्यानं त्यांना काही होणार नाही. तुम्हाला होईल."

कंडक्टर आला. "काका, हे काय? माशांचं तिकीट कोण काढणार?"

"अर्धं द्या," बाई म्हणाल्या. "लहान आहेत, काकांच्या मांडीवर बसलेत."

बस हसली. मी कानापर्यंत लाल झालो. थोड्या वेळानं धीर करून विचारलं, "हे... खायला?"

"एवढाल्यांनी पोट भरेल तुमचं?"

"मी नाही खात."

"मग पिशवी बरोबर माणसाच्या हातात गेली." त्यांनी वाकून माशांकडे पाहिलं. पावसाचा आणि नदीच्या गाळाचा वास आला. "दारणेतले आहेत. कॉलेजात असल्यापासून यांच्या मागे आहे मी. ते पुढे, मी मागे... अजून दाद देत नाहीत."

स्टँडवर उतरल्यावर त्यांनी पिशवी परत घेतली आणि माझ्या हातांकडे पाहिलं. "अख्ख्या प्रवासात हात हलला नाही तुमचा. काय करत होता?"

"ग्रंथपाल होतो. दीक्षित."

"तरीच."

त्या निघाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी मागे चार पावलं गेलो. "आमच्या वाचनालयात दारणेचे जुने अहवाल आहेत... इंग्रजांच्या काळातले. त्यात माशांबद्दल असेल काही. म्हणजे, नसेलही."

"आहे की नाही?"

"...आहे."

"मग उद्या येते."

त्या आल्या, आणि येत राहिल्या. अहवालांच्या धुळीत शेजारी शेजारी बसून मला त्यांची कहाणी कळत गेली. वडील दारणा धरणावर दारं उघडायच्या कामाला. दारं बंद झाली की खालच्या डबक्यांत मासे अडकायचे. ही मुलगी ते शाळेच्या डब्यात भरून खोल पाण्यात सोडायची. कॉलेजात सरांनी सांगितलं, मुलींनी प्रयोगशाळेत माशांची चित्रं काढायची, नदीवर मुलं जातील. ही सरांच्या आधी नदीवर पोचली. पंचविशीत लग्न ठरलं, पण मुलाकडच्यांना हातांचा वास आवडला नाही. "मला त्यांचा स्वभाव आवडला नाही," त्या म्हणाल्या, "फिटंफाट." पुढे सिन्नरच्या, इगतपुरीच्या मच्छीमारांना त्यांनी गावच्या तळ्यातच माशांचं बी तयार करायला शिकवलं; तोवर ते बाहेरून ट्रकनं यायचं. पेपरात आलं होतं, 'हे करणारी जिल्ह्यातली पहिली महिला.'

"पहिली माणूस," वत्सलाबाईंनी मला दुरुस्त केलं. "आधी पुरुषांनी तरी कुठं केलं होतं?"

फक्त हा बोटभर मासा टाकीत अंडी घालायला तयार नव्हता. दारणेचा तळ वाळूसाठी उपसला जातोय, मासे कमी होताहेत, आणि टाकीत वंश वाढला नाही तर काही वर्षांत उरणार नाहीत. त्या हे बोलायच्या तेव्हा मस्करी थांबायची.

एकदा त्यांनी मला त्यांच्या मत्स्यबीज केंद्रावर नेलं. हौदातून एक रोहू उचलला. "बोट द्या."

मी दिलं. त्यांनी ते धरून माशाच्या कल्ल्यामागच्या परावरून हळूच फिरवलं. "कसं लागतं?"

"खरखरीत."

"नर. आणि हा?"

"मऊ..."

"मादी. हंगामात असंच ओळखतात." मासा पाण्यात गेला, बोट त्यांच्याच हातात राहिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "तुमचं मऊ आहे, दीक्षित."

"पानं उलटून... म्हणजे, आयुष्यभर तेच..."

"मी कुठं तक्रार केली?"

मग गुवाहाटीहून महिनाभर शिकवायला यायचं बोलावणं आलं. एका संध्याकाळी बाई दारात. मागे रिक्षात सिमेंटची टाकी, हातात मासे.

"हे तुमच्या गॅलरीत ठेवते."

"बाई, माझ्याकडे तुळससुद्धा जगत नाही!"

"केंद्रावर येणारा-जाणारा टॉर्च मारतो, दगड उचलून बघतो. मीसुद्धा. तुमच्याकडे कोण येतं?"

"पोळ्या करायला लताबाई."

"आणखी?"

"...कोणी नाही."

"उत्तम!" टाकीच्या मधोमध त्यांनी नदीतला एक चपटा दगड ठेवला. "हवेचा पंप चालू राहू द्या. नळाचं पाणी थेट घालू नका, बादलीत शिळं करून घाला. आणि काहीही झालं तरी दगड हलवायचा नाही."

त्या गेल्या. मी सकाळी चहा घेऊन टाकीशी बसायचो. मासे दगडावरचं शेवाळ खात बसलेले असायचे. आम्ही एकमेकांना त्रास देत नव्हतो.

एके दिवशी लताबाईंनी शिळ्या पाण्याची बादली फरशी पुसायला घेतली. टाकीतलं पाणी खाली गेलेलं. मी घाबरलो आणि घाईत दोन तांबे नळाचं पाणी ओतलं. ओतल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी दगडावर एकही मासा नव्हता.

त्याच दुपारी पत्र आलं.

'दीक्षित, केंद्रातली खोली आता सोडायची आहे. पुढे राहायला दोन जागा आहेत. एक इथे गुवाहाटीला. हे लोक मला ठेवून घ्यायला तयार आहेत. दुसरी तुमच्याकडे. मला दुसरी आवडते, पण घरमालकाला विचारलेलं नाही, म्हणून विचारते. लग्न करायचं की नुसतं सोबत राहायचं, ते तुम्ही सांगाल तसं. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून देता, तेव्हा लिहा. उत्तर आलं नाही तर मी समजेन. — वत्सला.'

आता सांगा. जिचे मासे आपण मारले, तिला 'या, माझ्याकडे राहा' असं कुठल्या तोंडानं लिहायचं? फोन वाजला, मी उचलला नाही. पंप मात्र बंद करवेना. रिकाम्या टाकीत बुडबुडे येत राहिले आणि मी रोज शिळं पाणी घालत राहिलो.

"काका, मासे नायत तर मोटार कशाला चालवता?" लताबाई म्हणाल्या.

"असू दे."

"आन् पत्राला उत्तर दिलं का?"

"तुम्ही वाचलंत?"

"डबा ठेवायला उचललं, तं ते आपोआप सुलटं झालं. बाई लय सरळ लिहितात. तुम्ही बी लिहा की सरळ."

मी लिहिलं नाही. आणि महिना संपल्यावर बेल वाजली.

वत्सलाबाई इस्त्रीच्या साडीत होत्या. मी त्यांना साडीत पहिल्यांदाच पाहत होतो. "मासे घ्यायला आले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "केंद्रात देऊन परवा निघते. गुवाहाटीला होकार कळवायचाय."

"बाई... मासे मेले. मी मारले. नळाचं पाणी घातलं, दोन तांबे."

त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. मग — "कुठं आहेत?"

"म्हणजे?"

"मेलेला मासा तरंगतो. तरंगताना पाहिलात?"

"...नाही."

"दगडाखाली पाहिलंत?"

"तुम्ही म्हणाला होतात, हलवायचा नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि तुम्ही नाही हलवलात? एकदाही?"

"नाही."

पिशवी तिथंच टाकून त्या गॅलरीत गेल्या. बाही वर सारून हात पाण्यात घातला आणि दगडाची एक कड, अगदी हळू, उचलली. मग इस्त्रीच्या साडीनिशी ओल्या फरशीवर बसल्या.

"दीक्षित... इकडे या. पावलं वाजवू नका."

मी वाकलो. दगडाच्या पोटाला राजगिऱ्यासारखी अंडी चिकटली होती, प्रत्येकात दोन काळे ठिपके. आजूबाजूला केसासारखं काहीतरी वळवळत होतं. आणि सगळे मासे तिथंच, पहारा द्यावा तसे.

"आयुष्य गेलं माझं," त्या कुजबुजल्या. "सकाळ-संध्याकाळ दगड उचलून बघायची, झालं का, झालं का... तुम्ही बघितलंच नाहीत."

"मला भीती वाटत होती."

"तुमची भीती फार कामाची आहे. थोडी मला द्या." त्यांचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं. "आणि ते दोन तांबे! नदीला नवं पाणी आलं असं वाटलं असणार यांना. आणखी दोन घातले असतेत तर मात्र..."

दगड पुन्हा जागेवर बसला. आमचे खांदे टेकले होते. कोणीच बाजूला झालं नाही.

"आता यांना इथून हलवता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग गुवाहाटी?"

"मासे राहतील. मी राहीनच असं नाही. माशांचं उत्तर मिळालं, दीक्षित. तुमचं बाकी आहे."

"बाई, मी... म्हणजे, तसं पाहिलं तर..."

"बघा! तोंडी नकोच. लिहा आणि पोस्टानं पाठवा. मला आजवर अहवाल पुष्कळ आले. असलं पत्र कधी आलं नाही. ते मला पोस्टमनच्या हातून हवंय."

मी टेबलाशी बसलो. त्या गॅलरीत पाठमोऱ्या, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. लिहायला वेळ लागला नाही. पाकीट बंद करून पत्ता लिहिला, छत्री घेतली आणि शरणपूर रोडच्या पोस्टात स्पीड पोस्टच्या रांगेत उभा राहिलो.

काउंटरवरच्या मुलीनं पाकीट फिरवून पाहिलं. "काका, पाठवणाऱ्याचा आणि ज्यांना पाठवायचं त्यांचा पत्ता एकच पडलाय. चुकून?"

"नाही."

"अहो, डॉक्टर वत्सला सानप कुठं राहतात?"

"तिथंच," मी म्हणालो, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्यानं. "माझ्या घरी."

ती हसली आणि तिनं शिक्का मारला.