सलग चोवीस तास

नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत रोज पाच-सहा माणसं छाती तपासून घ्यायला येत. तपासणी हृदयाची नसे, हृदयाला ठोके देणाऱ्या, कातडीखाली बसवलेल्या यंत्राची असे. पूर्वी त्यातली चिप आतून खराब झाली आहे का हे पाहायचं तर यंत्र बाहेर काढून चिप फोडावी लागे, आणि फोडलेली चिप पुन्हा कुणाच्या उपयोगाची नसे. शलाका मोहोळकरने बनवलेल्या 'अंतर्ध्वनिक' या उपकरणाला काहीच काढावं-फोडावं लागत नव्हतं. छातीवर जेल लावायचं आणि वर बिस्किटाएवढा शोधक टेकवायचा. त्याच्या श्राव्यातीत ध्वनिलहरी कातडीतून, यंत्राच्या कवचातून, चिपभोवतीच्या काळ्या राळेतून आरपार जात आणि पोकळी सापडली की तिथून माघारी फिरत. पडद्यावर पोकळी पांढरी दिसे.

मंगळवारी अकराच्या सुमारास टेबलावर श्रीनिवास सरंजामे आडवा झाला. शलाका इतरांसाठी जेल कोमट करून घेई, याच्यासाठी घेतलं नाही.

सरंजामेने तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? नऊ वर्षांपूर्वी तो कोर्टात साक्ष देत होता, तेव्हा ती मागच्या बाकावरची शलाका बिडवे होती आणि तिचा दादा, दिगंबर, आरोपी होता. सरंजामेच्या कारखान्यातले सलाइनचे पंप अचानक बंद पडून सहा रुग्ण दगावले होते. चिपा आतून तडकलेल्या निघाल्या. चिपभोवतीची राळ हवेतली ओल पिते. ती ओल आत असताना सोल्डरिंगची उष्णता लागली की तिची वाफ होते आणि राळ तडकते. म्हणून चिपा आधी ओव्हनमध्ये सलग चोवीस तास सुकवायच्या असतात. ओव्हन दिगंबरकडे होता.

"आमचे ओव्हन एक मिनिटही बंद होत नाहीत," सरंजामेने शपथेवर सांगितलं होतं. "या माणसाने माल सुकवलाच नाही. रजिस्टरमध्ये नुसते आकडे भरले."

दिगंबरला पाच वर्षांची शिक्षा झाली. आता तो एका मंगल कार्यालयाबाहेर गाड्या लावून देतो. शलाकाने हे तपासणीचं यंत्र विज्ञानाच्या सेवेसाठी वगैरे बनवलेलं नव्हतं. तिला या माणसाचं वाटोळं करायचं होतं. पण यंत्र तयार होईपर्यंत त्या पंपांच्या सगळ्या चिपा नष्ट झाल्या होत्या.

"दहा वर्षं झाली बसवून," सरंजामे म्हणाला. "आमच्याच कंपनीचं आहे, त्यामुळे काळजी नाही."

"मग तपासायला का आलात?"

"सहज. वय झालं आता."

पडद्यावर चिपच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा डाग उमटला. त्यातून निघालेली भेग सोन्याच्या तारेला जवळजवळ टेकली होती. तार तुटायला एखादा महिना, फार तर दोन. शलाकाला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला, पण तिला लाज वाटली नाही. अहवालात 'निर्दोष' एवढा एकच शब्द लिहायचा आणि याला हसून निरोप द्यायचा. बाकीचं काम ती भेग करणार होती.

सवयीने तिने तापरेषाही मागवल्या. ओव्हनमध्ये राळ तापते तशी थराथराने घट्ट होत जाते, मध्येच गार पडली की तिथे एक रेषा राहते. त्या रेषा वाचायची रीत शलाकानेच शोधली होती. सरंजामेच्या चिपमध्ये मधोमध एक ठळक रेषा होती. अकरा तास ताप, मग चार तास गार, मग पुन्हा नऊ तास ताप. तिने चिपवर कोरलेली लॉटची तारीख पाहिली. बावीस ऑक्टोबर. पंपांच्या चिपांचीही हीच तारीख होती, आरोपपत्र तिला पाठ होतं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच ओव्हनमधून निघालेला माल.

कोर्टात सगळे नुसत्या तारखांनी बोलत असत. तिने पहिल्यांदाच त्या वर्षाचं पंचांग उघडलं. खंडेनवमी होती.

शेजारच्या खोलीत जाऊन तिने दिगंबरला फोन लावला. "दादा, खंडेनवमीला ओव्हन बंद असायचा?"

"अगं, पूजेला मशीन बंदच असतं. चालू ओव्हनला कुणी हार घालतं का? पाहुणे यायचे, फोटो व्हायचे, प्रसाद व्हायचा."

"मग रजिस्टरमध्ये का नाही लिहिलंस?"

"पूजेचा बंद कोण लिहितं? सरंजामे साहेबांनीच सांगितलेलं, पूजेचे तास बंद धरायचे नाहीत. दरवर्षी तसंच असायचं." तो जरा थांबला. "मी आपला तापमानाचे आकडे आठवत बसतो गं अजून. कुठं चुकलो असेन?"

नऊ वर्षं दादा नको ते आठवत बसला होता. कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही. आणि त्याच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा आता या माणसाच्या छातीत होता. तो दाखवायचा तर भेगही दाखवावी लागणार, म्हणजे सरंजामे वाचणार. हा मेल्यावर चित्र बाहेर काढलं, तर तिला पहिला प्रश्न येणार, तुम्हाला हे कधी कळलं? ती मनात चरफडली. मग तिने अहवाल पुरा केला, भेग, रेषा, तारीख, पूजा सगळं लिहिलं, आणि उपकरण नियंत्रण कार्यालयाला पाठवून दिला.

परत येऊन तिने पडदा सरंजामेकडे वळवला. "चिप तडकली आहे. आजच बदलून घ्या. आणि ही रेषा बघा. बावीस ऑक्टोबरला तुमचा ओव्हन चार तास बंद होता."

सरंजामे उठून बसला. "आपण कोण?"

"दिगंबर बिडव्यांची बहीण."

सरंजामे आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, खटल्यानंतर आम्ही पूजेला ओव्हन बंद करणं सोडून दिलंय. हे आता उकरलंत, तर त्याआधीच्या प्रत्येक खंडेनवमीचा माल परत बोलवावा लागेल. तेवीस हजार चारशे माणसं आहेत. घाबरूनच जातील."

आकडा सांगताना तो क्षणभरही अडखळला नव्हता. म्हणजे तो त्याने आधीच मोजून ठेवलेला होता.

"अहवाल गेलाय," ती म्हणाली. "मघाशी मला तुम्ही मरायला हवे होतात. आता नको. कोर्टात उभं राहायला माणूस जिवंत लागतो, म्हणून सांगते, जपून जा."

सरंजामे शर्टची बटणं लावायला लागला, ती एकेक घर चुकली. शलाकाने मदत केली नाही.

"तुम्ही स्वतःचं तेवढं तपासून घ्यायला आलात," ती म्हणाली. "बाकीच्या तेवीस हजारांनी काय करायचं होतं, साहेब?"