काचेखालचा पालक

"रोज सकाळी बोलावतेस, म्हणून आलो."

मी वाफ्यावर वाकले होते. मान वर केली तर समोर एक उंच पोरगा. अनवाणी, पाय बटाट्याच्या पाण्यानं भिजलेले. सेनोन, पलीकडच्या टेकडीवरचा. तिथं त्याचे बटाटे हिवात पसरलेले असायचे. रात्रीतून गोठले की सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, मग वाळवून त्यांचा चुन्यो करायचा.

"मी? तुला? स्वप्न पडलं का?"

"तोंडावर कवडसा टाकतेस की. न चुकता."

माझे कान तापले. आमच्याकडे पोरगी उगीच कुणावर आरशाचा कवडसा पाडत नाही... जिच्याकडून कवडसा आला, तिला येऊन भेटायचं असतं. पण मी आरसा धरलाच होता कधी? वाफ्याभोवती कच्च्या विटांच्या बुटक्या भिंती, वर पाडलेल्या शाळेच्या जुन्या खिडक्या. ऊन चढलं की आतली वाफ जायला मी काच उचलून खाली दगड लावायची, इतकंच.

"हा बघ तुझा आरसा," मी म्हटलं. "आणि खाली पालक."

त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. तो गडबडून मागं सरला, दगडाला पाय लागला आणि काच खाली आपटून फुटली.

माझं हसू तिथंच विरलं. सान हुआनचा सण तोंडावर आलेला, आणि वर्षातलं सगळ्यात कडक हिव तेव्हाच. बाबांनी बजावलं होतं, सणाला ताटात हिरवं दिसलं तर इथं राहा, नाहीतर शहरात, ला पाझला आत्याच्या शिवणाच्या दुकानात जा. मला नव्हतं जायचं. ओढून नेलं असतं तरी नव्हतं जायचं.

"आज हे सगळं मरेल," मी म्हटलं. "तुझं काय जातंय? तुला हिवच हवं."

"हवंय खरं," तो ओशाळला. "पण तुझा वाफा सोडून."

संध्याकाळी तो परत आला. बगलेत ओल्या फांद्या, खांद्यावर कुणाच्या तरी लग्नमांडवाचं जुनं प्लॅस्टिक. फांद्या कमानीसारख्या वाकवून रोवल्या, वर प्लॅस्टिक ताणलं, कडा मातीनं दाबल्या. मी वर गवताच्या चटया अंथरल्या. तरी एक कोपरा उघडाच... त्यानं अंगातला पोंचो काढून तिथं खोचला.

"गारठून मरशील."

"मी काय पालक आहे?"

सकाळी रान पांढरंफेक झालं होतं. मी चटई उचलली. प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब, आणि पानं ताठ उभी. मी तिथंच मातीत बसून रडले. सणापर्यंत रोज झाकलं, रोज उघडलं. एकही पान गेलं नाही.

सणाला बाबांनी पालकाचं सूप दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "आत्याला निरोप धाडतो. पोरगी येत नाही म्हणून."

मी तडक पलीकडची टेकडी चढले. सेनोन चुन्यो पोत्यात भरत होता.

"मी राहतेय," मी म्हटलं. "पण झाकायला, उघडायला दोन हात पुरत नाहीत. येशील?"

"कधीपर्यंत?"

"हिव पडतंय तोवर."

त्यानं पोतं खाली ठेवलं. "हिव तर... दरवर्षी पडतं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणूनच विचारतेय."