आधीच मानलेले आभार

"पेन मिळेल?"

त्यानं विचारलं तेव्हा मी चर्चच्या पायरीवर बसून ममीच्या बायोप्सीबद्दल देवाला झाडत होते. लेखी.

भोईवाड्यातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला दोन पेट्या ठेवतात. एक मागण्यांची, एक आभारांची. आभारांच्या चिठ्ठ्या माइकवर वाचतात. मी मागण्यांचं जुनं गिऱ्हाईक. बॉस, पाणी, पाठदुखी, सगळं रडगाणं तिथेच. त्यानं मात्र एक ओळ खरडून दुसऱ्या पेटीत टाकली.

"एवढं काय मिळालं रे?"

"अजून कुठे मिळालंय? मी आधीच थँक्यू म्हणून ठेवतो." तो हसला. "मी ज्युलियन."

"देवाची पंचाईत करतोस की."

थोड्या वेळानं माइक खरखरला. 'विनिफ्रेडच्या ममीची गाठ साधी निघाली, आभार.'

विनिफ्रेड म्हणजे मी. पण चिठ्ठीवर मी नाव कधीच लिहीत नाही, त्यालाही सांगितलं नव्हतं... आणि रिपोर्ट शुक्रवारी यायचा होता. आला. गाठ साधीच निघाली.

"तुला कसं कळलं?" पुढच्या बुधवारी मी त्याला गाठलं.

"माहीत नाही. हात आपोआप चालतो. मलापण भीती वाटते, विनी."

"मग लिहू नको ना."

"मग तू भेटली नसतीस."

त्यानंतर दर बुधवारी आम्ही परळ नाक्यापर्यंत चालत जायचो. मी कुरकुरायची, तो माझ्याकडे बघत राहायचा. मला तो फार आवडायला लागला होता.

आठव्या बुधवारी पंखे अचानक बंद पडले. त्या शांततेत चिठ्ठी वाचली गेली — 'विनिफ्रेडबरोबर आठ बुधवार मिळाले, आभार.'

आठच?

ज्युलियन पांढराफटक पडला होता. "उद्या माझं हार्टचं ऑपरेशन आहे... सांगणार होतो."

मी कागद ओढला. 'देवा, हे काय चालवलंयस तू?' एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. भांडून आठाचे नऊ होणार नव्हते. पण हे आठ माझे होते, आणि त्यांच्यासाठी मी एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'ज्युलियन मिळाला, आभार.'

पेन थांबेना. बोटं गार पडली, माझ्याच अक्षरात आणखी एक ओळ उमटली — 'नवव्या बुधवारी टाके खूप दुखत होते, तरी त्यानं माझा हात सोडला नाही, आभार.'

मी कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं दोनदा वाचला.

"खूप दुखणार म्हणजे?" तो कुरकुरला.

मी रडत रडत हसले. "गप बस. माझं प्रेम आहे तुझ्यावर."