रिकाम्या काट्यावर चौसष्ट

अकरा वर्षं मी घसा फोडून सांगतेय, हृदयाच्या वॉर्डातला तो जुना वजनकाटा सकाळी सहाला आपोआप हलतो. एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. "मावशी, स्प्रिंग ठणठणीत आहे. तुम्हीच एकदा तपासून घ्या." त्याला मी चार शब्द ऐकवत जिन्यापर्यंत पोचवला.

वॉर्डात मी आया. शिक्षण चौथी. पण सकाळची वजनं माझ्याकडे. थकलेल्या हृदयाला अंगातलं पाणी खेचवत नाही, ते साचत जातं, आणि सूज दिसायच्या आधी काट्याला कळतं. म्हणून उजाडताना, चहाच्या आधी, एकेकाला अनवाणी उभं करायचं आणि आकडा तक्त्यावर लिहायचा. खाली सिस्टर सही करायची. फिनेलचा वास, खिडकीतला करडा उजेड आणि काट्याची ती कुरकुर. आज वाटतं, तेच दिवस बरे होते.

मास्तर खिडकीजवळच्या कॉटवर. जन्मभर शाळेत शिकवलेलं. "मी पोरांना बाकावर उभं करायचो, आता तू मला काट्यावर करतेस. फेडतोय बाबा!" मी ओरडले की म्हणायचे, "औषधानं नाही, पण हिच्या आवाजानं नाडी लागते. वाघीण आहे वाघीण." मग सगळा वॉर्ड मला वाघीणच म्हणू लागला. माझे वेडेवाकडे आकडे त्यांनीच वळणावर आणले. उशाशी लाल पेन्सिल असायची. वजन नीट झालं की तक्त्यावर बरोबरची खूण करायचे.

एकदा सांगत होते, "पोरं एकमेकांचं बघून गणितं उतरवतात. मी उतरवणाऱ्याला कधी मारलं नाही. चूक मुळात ज्याची, त्याचं नाव फुलीशेजारी लिहायचो."

एका आठवड्यात त्यांना रात्र रात्र झोप नव्हती. पहाटे कुठे डोळा लागायचा. मी काटा ढकलत गेले, तर तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे झोपलेले. उठवायचा जीव होईना. आदल्या दिवशीचं एकसष्ट तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चष्मेवाल्या सिस्टरनं माझा आकडा बघून सही केली. माझ्यावर भरवसा होता पोरीचा.

तिसऱ्या सकाळी मास्तरांना धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या आधारानं त्यांना काट्यावर उभं केलं. चौसष्ट.

"हे कालच कळायला हवं होतं..." बाई एवढंच म्हणाल्या.

दुपारपर्यंत हातपाय गार, कपाळावर चिकट घाम, बीपी लागेना. हृदयच पंप करीना. शॉक म्हणतात त्याला. दोन्ही हातांना सलाईन, यंत्रं, धावपळ. मी तळवे चोळत बसले होते. मास्तर माझ्याकडे बघून पुटपुटले, "आज... खूण राहिली गं..." दिवेलागणीला गेले. पेन्सिल त्यांच्या लेकीनं नेली. मी स्वतः तिच्या पर्समध्ये घातली.

चौकशी झाली. सही सिस्टरची, म्हणून नोकरी सिस्टरची गेली. तक्ता ऑफिसच्या कपाटात कुलपात पडला. जाताना ती म्हणाली, "मावशी, वजन तुम्ही केलं होतं ना खरंच?"

"मग काय खोटं लिहीन?" सगळ्या जगाला सुनावणारी मी. तिथे एवढंच बोलले.

दुसऱ्या सकाळी सहाला रिकामा काटा कुरकुरला. सुई चौसष्टावर जाऊन थरथरत राहिली. तेव्हापासून रोज.

परवा वॉर्ड नव्या इमारतीत हलवला. भर दुपारची वेळ, खिडक्यांचे पडदे काढलेले, सगळीकडे लख्ख ऊन. काटा भंगारात जायचा होता. त्याच्यावरचं रबर मी पुसायला उचललं, तर खाली घडी घातलेला कागद. मास्तरांचा तक्ता. कुलपातला... इथे?

रोजच्या आकड्यांखाली लाल खुणा होत्या. शेवटच्या दोन एकसष्टांवर फुल्या. आणि सिस्टरच्या सहीशेजारी, त्या गोल, शाळेच्या अक्षरात, एक नाव. मी बोट फिरवलं. बोट लाल झालं. ताजं होतं.

तशीच मेट्रनबाईंकडे गेले. "बाई, चुकीच्या पोरीला घालवलंत तुम्ही. तिला पत्र लिहा. इथे नाव लिहिलंय."

बाईंनी कागद उजेडात धरला, उलटासुलटा केला. "यावर लाल काहीच नाही, मावशी. नुसत्या सह्या आहेत. बसा जरा, पाणी घ्या."

मी बोट पुढे केलं. त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणाचं नाव?"

मागे, रिकाम्या वॉर्डात, काटा कुरकुरला. सहा वाजले नव्हते. वळून बघायची गरज नव्हती.

"वाघीण."