वेलदोड्याचा वास

शंभर वर्षांत कुणी जिवंत न पाहिलेलं फूल शोधायचं आणि ओळखायचं, एवढ्यासाठी ही दोघं भावंडं या कड्यावर आली होती. दोघंही वनस्पतींच्या संग्रहालयात कामाला. तिथल्या कपाटात या फुलाचा एकच नमुना होता. वाळून कागद झालेला, रंग उडालेला, वासाचा मागमूस नसलेला. वसंतात चार दिवस फुलायचं आणि पुन्हा मातीतल्या कंदात दडी मारायची, अशी याची तऱ्हा! घरातलं शेंडेफळ असलेल्या बारकीला त्याने पुरतं वेड लावलं होतं.

गेल्या वसंतात दादा एकटाच इथे येऊन गेला होता. "नुसते दगड आहेत गं," म्हणाला होता. यंदा मात्र तोच मागे लागला.

"अगदी खालची कपार बघायची राहिलीय. माझं वजन तुला पेलायचं नाही. तू हलकी आहेस, तू उतर."

बारकीने दोर कमरेला बांधला. दुसरं टोक दादाच्या हातात होतं, मग भीती कसली?

वरच्या कपारीत ती क्षणभर टेकली. तिथे जागोजागी कुणीतरी खड्डे उकरून पुन्हा माती थापली होती. रानडुक्कर? छे, इथे वानरसुद्धा यायचं नाही! ती आणखी खाली सरकली. दगड निसटला! ती हवेत लोंबकळली, कड्यावर आपटली, कोपर सोलवटलं.

"दादा, धर!"

"धरलंय! मी आहे ना!"

त्या आवाजाने तिच्या जिवात जीव आला. पाय खालच्या कपारीला लागले, आणि समोरच भेगेत तीन पांढरी फुलं डुलत होती! पानाच्या टोकाला तोच पीळ, नमुन्यातल्यासारखा!

वरून दादा ओरडला, "सापडलं का? वेलदोड्यासारखा वास येतो का बघ!"

तिने नाक जवळ नेलं. वेलदोडाच! ती आनंदाने हसली, आणि हसता हसता गार पडली. वाळक्या नमुन्याला वास नव्हता. मग दादाला कसा ठाऊक?

ते खड्डे! असल्या कंदांना बागांचे शौकीन लोक वाटेल ती किंमत मोजतात, हे दादानेच तिला सांगितलं होतं. वरचे सगळे त्याने गेल्या वर्षीच ओरबाडले होते. उरलेल्यांसाठी बहिणीला दोराने खाली सोडलं होतं! ज्याच्यावर जीव टाकला, त्यानेच केसाने गळा कापला. तिला रडू फुटलं. पण वर जायचं तर त्याच्याच हातून!

तिने ती फुलं डोळे भरून पाहिली. मग भोवतालचं वाळकं गवत त्यांच्यावर अलगद ओढलं.

"वर घे! रानकांदा आहे नुसता!"

दोर ताणला गेला. धापा टाकत ती माथ्यावर आली.

"नक्की रानकांदाच?" दादाचा चेहरा पडला होता. "असेल बाई. तुझी ओळख कधी चुकत नाही."

"फुलांची नाही चुकत," ती म्हणाली, आणि गाठ सोडायला पुढे आलेला त्याचा हात बाजूला सारून तिने ती स्वतःच सोडली.