जोडीदार मागे उभा

तर ते जळलेलं गोडाऊन, त्याच्या मागचं मोकळं मैदान. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या फुटून गवतभर पसरलेल्या, काही आतून अजून धुमसणाऱ्या. त्या उचलायच्या आणि कुणाला साधा चटकाही बसू द्यायचा नाही, ही जबाबदारी धाकटीची. सेफ्टीची तिची पहिलीच स्वतंत्र साईट! त्यात टोळीत सख्खा दादा. निघताना वहिनीने बजावलेलं, "नेतेयस तसा धडधाकट परत आण हं."

धाकटीने बंदोबस्त एकदम चोख केला. वारा कुठे वाहतोय ते कळायला काठीला फीत, वाळूने भरलेले ड्रम, जाड सूट, मास्क. आता मास्कमध्ये बोललेलं काही धड ऐकू येत नाही, म्हणून तिने पद्धत बसवली. एकाने वेचायचं, जोडीदाराने मागे उभं राहायचं. खांद्यावर एक थाप म्हणजे 'मी आहे, चालू दे'. दोन थापा म्हणजे 'ऊठ, मागे हो!' मग विचारत बसायचं नाही, वळून बघायचं नाही.

सकाळी सराव चालला होता, तेव्हाच ड्रायव्हरकाका वैतागले. "अगं, किती थोपटशील? झोपवतेस की काय मला?"

"काका, मी इथे फीत बांधतेय!"

"मग हा असेल, दुसरं कोण!" काकांनी दादाकडे बोट केलं. दादा पार लांब, सूटमध्ये एक पाय घालून लंगडी घालत होता. सगळे खो-खो हसले आणि विषय तिथेच संपला.

दादाच्या मागे धाकटी स्वतः उभी राहिली. काम झकास चाललं होतं. कोवळं ऊन, वारा पाठीवर. एवढ्यात ड्रमवरची ताडपत्री उडाली आणि ती धरायला धाकटी धावली. जोडीदाराने जागा सोडायची नाही, हा नियम तिचाच. आणि तीच विसरली!

ताडपत्री धरून वळली, तर दादा उठून शांतपणे मागे येत होता.

तो गुडघे टेकून बसलेला, नेमकं तिथेच, फाट्! जाळ. पांढरा धूर.

वाऱ्याने धूर पलीकडे नेला. काकांनी वाळू ओतली.

दादाने मास्क काढला. "शाब्बास! काय वेळेवर दोनदा थोपटलंस गं!"

"दादा... मी ताडपत्रीपाशी होते."

"जा गं, थापा मारू नकोस!"

बाकीचे सगळे समोर होते. दादाच्या मागे नुसतं गवत.

संध्याकाळी दादा दारात दिसला आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला. आतल्या खोलीत दोघांचं हसणं चाललेलं. धाकटी इकडे भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून चहा पीत बसली. अंग आंबलेलं, पण मन कसं निवांत. उद्या काहीही उडू दे, दादाच्या मागून हलायचं नाही, तिने मनाशी ठरवलं.

खांद्यावर थाप पडली.

हलकीच. एकच.