रिकामं कोठार

"माझा नऊ वर्षांचा शब्दकोश पुसला सुनेनं! संध्याकाळी ती घर सोडून निघालीय. त्याआधी मला पुरावा हवा!"

कोशकारबाई दारातच कडाडल्या. शोधाबाईंनी शांतपणे चपला काढल्या. मागून त्यांचे यजमान, मास्तर, धापा टाकत आले. मास्तरांची हयात चित्रकला शिकवण्यात गेलेली. संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण बायकोचा तपास बघायची हौस दांडगी.

प्रकरण असं होतं. कोश माळ्यावरच्या लिनक्स संगणकात असे. त्याचं नाव 'कोठार'. तो सुनेनं बसवलेला, त्याला पडदासुद्धा नव्हता. कोशकारबाई आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवर ते नाव लिहीत, पासवर्ड टाकत आणि कामाला लागत. सोमवारी कोठार उघडलं, तर आत एकच फोल्डर, तोही रिकामा.

"पासवर्ड मागितला?"

"छे! थेट उघडलं. कुलूपसुद्धा काढून टाकलं मेलीनं!"

"सुनेला विचारायचं होतं की."

"कशाला? मागे ती माहेरी असताना माझ्या लॅपटॉपला हेच नाव सापडेना, तेव्हा माझं मीच निस्तरलं. माझं कुणावाचून अडत नाही!"

मास्तरांनी मनातल्या मनात सुनेला दोषी ठरवून टाकलं. त्यांचा तपास नेहमीच लवकर संपे.

कोशकारबाईंचा मुलगा दिवाणखान्यात तोंड पाडून बसला होता. "मी फक्त रविवारी नवा राउटर लावला. बाकी माझा हा गाण्यांचा संगणक. यात सगळ्यांसाठी एक फोल्डर उघडा ठेवलाय, पण कोण त्यात काही टाकतंय!"

सून बॅग भरत होती.

"तू कोठार उघडून पाहिलंस?" शोधाबाईंनी विचारलं.

"आई म्हणाल्या, हात लावलास तर याद राख. मग मीही नाही पाहिलं." तिनं बॅगेची चेन ओढली. "चार वर्षं झाली मला या घरात, मावशी."

शोधाबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि सासूसुनांचे लॅपटॉप शेजारी ठेवले. दोघांनाही एकच प्रश्न टाकला: कोठार कुठे आहे? सासूच्या विंडोजनं सांगितलं, घरच्या नेटवर्कवर बारा नंबरच्या पत्त्यावर. सुनेच्या लिनक्सनं सांगितलं, सत्तावीस.

"अरेच्चा! एका नावाचे दोन पत्ते?" मास्तर उडालेच.

"सुनेचा लॅपटॉप घरभर हाळी देतो, 'कोठार कोण?' आणि कोठार स्वतः ओ देतं," शोधाबाई म्हणाल्या. " सासूबाईंचा लॅपटॉप हाळी देतच नाही. त्याच्या एका फाइलीत कुणीतरी पत्ता हातानं लिहून ठेवलाय, तो तेवढाच वाचतो. कुणी लिहिला?"

कोशकारबाईंचा चेहरा उतरला. "मी. नाव सापडेना ना, तेव्हा."

"तेव्हा तो बरोबर होता. रविवारी नव्या राउटरनं नवे पत्ते वाटले. कोठार सत्तावीसवर गेलं, आणि बारा नंबर मिळाला गाण्यांच्या संगणकाला. तुम्ही मुलाचा उघडा, रिकामा फोल्डर बघत होतात. म्हणून तर पासवर्ड नाही! कोठाराला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

सुनेच्या लॅपटॉपवर कोठारानं पासवर्ड मागितला. कोशकारबाईंनी तो टाकला. शब्दन् शब्द जागेवर होता.

"सापडला गं बाई!" त्यांना रडू फुटलं. त्यांनी सुनेचा हात धरायला हात पुढे केला.

सुनेनं हात दिला नाही. "आई, कोश खरंच गेला असता ना, तरी मी तो पुसला नव्हता."

कोशकारबाईंनी मान खाली घातली. "तू नव्हताच पुसलास," त्या म्हणाल्या. "आणि ते मला संगणकाला विचारावं लागलं."